ज्यांच्यापासून लपवायचे होते त्यांना पाच दिवसांत कळले : सोव्हिएत अण्वस्त्रे आणि सेमिपालातिन्स्कचा माळ

धागालेखक

३ सप्टेंबर १९४९ रोजी जपानहून अलास्काकडे निघालेल्या एका अमेरिकी हवामान-विमानावर गाळणीचा कागद बसवलेला होता. वाटेत लागणाऱ्या हवेतली धूळ त्यावर साठावी, एवढेच त्याचे काम. विमान उतरल्यावर तो कागद मोजणीयंत्राखाली धरला, तेव्हा किरणोत्सार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भरला. पुढचे काही दिवस आणखी नमुने गोळा झाले, प्रयोगशाळांनी त्यांतली मूलद्रव्ये ओळखली, आणि २३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सोव्हिएत संघात अणुस्फोट झाल्याचे जाहीर केले. दोन दिवसांनी सोव्हिएत वृत्तसंस्था ‘तास’ने खुलासा केला की, देशात धरणे, कालवे, रस्ते यांची मोठी बांधकामे चालू आहेत आणि त्यासाठी सुरुंग लावावे लागतात, अण्वस्त्राचे रहस्य म्हणाल, तर ते आमच्याकडे १९४७ पासूनच आहे.

तो स्फोट २९ ऑगस्टला सकाळी सात वाजता कझाकस्तानात झाला होता. सेमिपालातिन्स्क शहराच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, इर्तिश नदीच्या पलीकडच्या गवताळ माळावर उभारलेल्या पोलादी मनोऱ्यावर सुमारे २२ किलोटनाचा, म्हणजे २२ हजार टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा, बॉम्ब फोडण्यात आला. त्याच्या भोवती मुद्दाम घरे बांधली होती, पुलाचे तुकडे उभे केले होते, रणगाडे आणि विमाने मांडली होती, जनावरे बांधून ठेवली होती. त्या दिवशी हवा खराब होती, वारा जोराचा होता. मनोरा फार उंच नसल्यामुळे आगीच्या गोळ्याने जमिनीवरची माती वर ओढली, आणि ती किरणोत्सारी माती वाऱ्याबरोबर ईशान्येला गेली. वाटेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दोलोन नावाचे गाव होते. तिथल्या लोकांना कोणी सावध केले नव्हते आणि आपल्या अंगणात काय पडले हे पुढे सुमारे चाळीस वर्षे त्यांना अधिकृतपणे सांगण्यात आले नाही.

ज्या देशापासून ही गोष्ट लपवायची होती त्याला ती पाच दिवसांत कळली, आणि ज्यांच्या अंगावर राख पडली त्यांना ती दोन पिढ्या कळली नाही. सोव्हिएत अण्वस्त्रांचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली, म्हणून हा धागा काढला आहे. आपल्याकडे या विषयावर लिहिले जाते ते बहुधा हेरगिरीबद्दल किंवा आजवर फोडलेल्या सर्वांत मोठ्या बॉम्बच्या, ‘झार बॉम्ब’च्या, आकाराबद्दल. दोन्ही महत्त्वाचे आहे, पण गुप्ततेचे तोंड नेमके कोणाकडे होते हे त्यात राहून जाते.

थोडे मागे जाऊ. १९४० मध्ये गेओर्गी फ्ल्योरोव आणि कॉन्स्तान्तिन पेत्रझाक या दोन तरुण शास्त्रज्ञांनी युरेनियमचे आपोआप होणारे विखंडन, म्हणजे अणूचे केंद्र फुटून त्याचे तुकडे होणे, शोधून काढले. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा अडथळा होऊ नये म्हणून त्यांनी मोजमापे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या दिनामो स्थानकात घेतली होती. महायुद्ध सुरू झाले आणि फ्ल्योरोव हवाई दलात लेफ्टनंट झाला. १९४२ मध्ये वोरोनेझला असताना तो तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला आणि परदेशी नियतकालिके चाळू लागला. आपल्या शोधाची दखल कोणी घेतली का, एवढेच त्याला पाहायचे होते. दखल तर नव्हतीच, पण विखंडनावरचे लेखच थांबले होते. कालपर्यंत ज्या विषयावर सारे जग लिहीत होते, त्यावर अमेरिका आणि ब्रिटनमधले सगळे मोठे संशोधक एकदम गप्प झाले होते. फ्ल्योरोवने त्या शांततेचा अर्थ बरोबर लावला आणि एप्रिल १९४२ मध्ये थेट स्तालिनला पत्र लिहिले की, हे काम तिकडे गुप्तपणे चालू आहे आणि आपण ते ताबडतोब हाती घेतले पाहिजे. हेरांचे अहवाल तोवर मॉस्कोला पोहोचू लागले होतेच. सप्टेंबर १९४२ मध्ये काम पुन्हा सुरू करण्याचा हुकूम निघाला आणि १९४३ मध्ये इगोर कुर्चातोव यांच्या हाताखाली ‘प्रयोगशाळा क्रमांक २’ स्थापन झाली.

खरा वेग आला तो हिरोशिमानंतर. २४ जुलै १९४५ रोजी पॉट्सडॅमला ट्रुमन यांनी ‘असामान्य संहारक शक्तीचे नवे शस्त्र’ हाती आल्याचे स्तालिनच्या कानावर घातले होते आणि स्तालिनने फारसे कुतूहल दाखवले नव्हते. २० ऑगस्ट १९४५ रोजी मात्र विशेष समिती नेमली गेली आणि तिच्या प्रमुखपदी गुप्त पोलिसांचा कर्ताधर्ता लाव्रेंती बेरिया याला बसवण्यात आले. या नेमणुकीने पुढचे बरेच काही ठरले. बेरियाकडे मजूर होते, म्हणजे कैदी होते. आणि बोलू नये असे ज्यांना सांगितले ते बोलत नसत. उरलमध्ये आणि व्होल्गा खोऱ्यात काटेरी तारांच्या आत नवी शहरे उभी राहिली, जी कोणत्याही नकाशावर नव्हती. त्यांना दूरच्या शहराचे नाव आणि टपालाचा क्रमांक एवढीच ओळख होती : प्लुटोनियमचे चेल्याबिन्स्क-४०, बॉम्बच्या रचनेचे आर्झामास-१६. यातले दुसरे म्हणजे सारोव, जिथे एके काळी रशियातला नामांकित मठ होता.

प्रतिसाद : मग तो बॉम्ब चोरलेलाच ना?

लेख आवडला, परंतु हेरगिरीला आपण फार थोडी जागा दिली आहे असे वाटते. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारे भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स यांनी लॉस अलामोस या अमेरिकी बॉम्ब-प्रयोगशाळेतून नागासाकीच्या बॉम्बची रचना जवळजवळ जशीच्या तशी पुरवली होती आणि जानेवारी १९५० मध्ये तसा कबुलीजबाबही दिला. पहिला सोव्हिएत बॉम्ब अमेरिकी बॉम्बची नक्कल होता, असेच मी आजवर वाचत आलो आहे. नक्कल करणाऱ्याचे कौतुक किती करायचे?

धागालेखक

आपले म्हणणे बरोबर आहे, आणि याला सर्वांत मोठी साक्ष खुद्द युली खारितोन यांची आहे. आर्झामास-१६चे वैज्ञानिक प्रमुख असलेल्या खारितोन यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केले की पहिला बॉम्ब अमेरिकी आराखड्यावरच बनवला होता. पहिला प्रयोग फसणे परवडणारे नव्हते आणि तो आराखडा यशस्वी ठरलेला होता, म्हणून तो निवडला गेला. त्याच काळात त्यांची स्वतःची रचनाही तयार होत होती. ती २४ सप्टेंबर १९५१ रोजी तपासली गेली, तेव्हा स्फोट ३८ किलोटनाचा झाला आणि बॉम्ब पहिल्यापेक्षा बराच हलका होता.

पण आराखडा मिळाल्याने बॉम्ब मिळत नाही. त्याच्या गाभ्यात सुमारे सहा किलो प्लुटोनियम लागते, आणि प्लुटोनियम अणुभट्टीत शिजवावे लागते. भट्टीला युरेनियम हवे, आणि ते १९४५ मध्ये सोव्हिएत संघाकडे जवळजवळ नव्हतेच. खारितोन आणि भौतिकशास्त्रज्ञ किकोइन यांनी पराभूत जर्मनीत हिंडून सुमारे शंभर टन युरेनियम ऑक्साइड शोधून काढले. पुढे पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीत, चेकोस्लोव्हाकियातल्या याखिमोवमध्ये आणि मध्य आशियात खाणी खणल्या गेल्या. २५ डिसेंबर १९४६ रोजी मॉस्कोत पहिली प्रायोगिक भट्टी पेटली, आणि जून १९४८ मध्ये चेल्याबिन्स्क-४० इथली मोठी भट्टी सुरू झाली.

त्या मोठ्या भट्टीची एक हकिगत मला विसरता येत नाही. युरेनियमच्या कांड्या ज्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांत होत्या त्या नळ्या गंजून गळू लागल्या, आणि जानेवारी १९४९ मध्ये भट्टी बंद करावी लागली. कांड्या खालच्या बाजूने पाण्यात सोडून दिल्या असत्या तर लोकांचा जीव वाचला असता, पण त्या पुन्हा वापरण्याजोग्या राहिल्या नसत्या आणि बदली युरेनियम देशात नव्हते. म्हणून त्या वरच्या बाजूने ओढून काढायचे ठरले. किरणोत्सारी झालेल्या हजारो कांड्या माणसांनी पाळीपाळीने काढल्या, तपासल्या आणि निवडून बाजूला ठेवल्या. कुर्चातोव स्वतः त्या दालनात जाऊन कांड्या निवडत बसले होते. १९६० मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. आराखड्याचे कागद हेरांनी आणले हे खरेच आहे, पण त्या दालनातले काम कागदावर उरकता येण्यासारखे नव्हते.

प्रतिसाद : चिरोटा

मी बरीच वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे, म्हणून पुढच्या टप्प्याबद्दल थोडे लिहितो. १२ ऑगस्ट १९५३ रोजी त्याच माळावर जो ४०० किलोटनाचा स्फोट झाला त्याला सोव्हिएत सरकारने हायड्रोजन बॉम्ब म्हटले. आन्द्रेई सखारोव या भौतिकशास्त्रज्ञाची ती कल्पना. त्यांनी तिला ‘स्लोइका’ हे नाव दिले, जे रशियन भाषेत पापुद्र्यांच्या खाऱ्या-गोड पदार्थाचे नाव आहे. वर्गात सांगताना मी चिरोटा म्हणत असे, आणि मुलांना ते पटकन उमजत असे. चिरोट्यात जसा एक थर पोळीचा, एक साट्याचा, तसे यात विखंडन होणारे युरेनियम आणि संमीलन होणारे, म्हणजे ज्याचे हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात असे, हलके इंधन यांचे थर एकाआड एक गुंडाळलेले होते. हलके इंधन म्हणून लिथियम ड्युटेराइड वापरण्याची सूचना विताली गिन्झबर्ग यांची. पण यात बहुतेक ऊर्जा अजूनही विखंडनाचीच होती, आणि थर वाढवत नेले तरी ताकद एका मर्यादेपलीकडे जात नव्हती.

ती मर्यादा ओलांडली गेली २२ नोव्हेंबर १९५५ रोजी. या वेळी बॉम्ब दोन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्याच्या स्फोटातून निघालेल्या क्ष-किरणांनी वेगळा ठेवलेला दुसरा टप्पा दाबला जातो आणि मग त्यात संमीलन पेटते. अमेरिकेने हीच युक्ती आधी साधली होती. सोव्हिएत बॉम्ब विमानातून टाकला गेला आणि १.६ मेगाटनाचा स्फोट झाला. त्या दिवशी हवेत तापमानाचे थर उलटे होते, म्हणजे खाली थंड आणि वर गरम, आणि अशा हवेत धक्क्याची लाट वरून पुन्हा जमिनीकडे वळते. हिशेबात धरले होते त्यापेक्षा फार दूरवर घरांच्या काचा फुटल्या. खंदक ढासळून एक सैनिक मेला आणि एका गावात घर कोसळून एक लहान मुलगी मेली.

त्या संध्याकाळच्या मेजवानीत सखारोव यांनी पेला उंचावून इच्छा व्यक्त केली की आमचे बॉम्ब असेच चाचणीच्या माळावर फुटोत, शहरांवर कधीही न फुटोत. मार्शल नेदेलिन यांनी उत्तरादाखल एक अश्लील गोष्ट सांगितली, जिचा अर्थ एवढाच होता की शस्त्र बळकट करून देणे तुमचे काम, ते कुठे वळवायचे हे आम्ही पाहू. सखारोव यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, हा फटका त्यांच्या जिव्हारी लागला.

प्रतिसाद : गवत, दूध आणि मूल

व्यवसायाने मी वैद्यक क्षेत्रातली आहे. दोलोनसारख्या गावांत नेमके काय होते, हे सोप्या शब्दांत सांगते. स्फोटाच्या राखेत किरणोत्सारी आयोडीन असते, जे आठ दिवसांत निम्मे होते आणि दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ संपते. म्हणजे पहिले काही आठवडे जनावरे बाहेर सोडली नाहीत आणि ताजे दूध मुलांना दिले नाही, तर पुष्कळ नुकसान टळते. यासाठी यंत्र लागत नाही की औषध लागत नाही, कोणी तरी येऊन सांगावे लागते. कझाक मेंढपाळांच्या घरी तर मेंढ्या, गायी आणि घोड्या यांचे दूध हाच आहाराचा कणा. राख गवतावर पडली, गवत जनावराच्या पोटात गेले, दूध मुलाच्या पोटात गेले आणि आयोडीन त्याच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसले. त्या माळावरची माणसे हे सहज टाळू शकली असती.

डॉक्टर आलेच नाहीत असे मात्र नाही. १९५७ मध्ये सेमिपालातिन्स्क शहरात एक दवाखाना उघडला गेला आणि त्याला नाव दिले ‘ब्रुसेलोसिसविरोधी दवाखाना क्रमांक ४’. ब्रुसेलोसिस हा जनावरांपासून माणसांना होणारा ताप आहे आणि मेंढपाळांच्या मुलखात असा दवाखाना असण्यात कोणालाच काही वावगे वाटले नसते. प्रत्यक्षात तिथे किरणोत्साराचा माणसांवर होणारा परिणाम नोंदला जात होता. लोक तपासले जात, त्यांचे रक्त घेतले जाई, कागद भरले जात, आणि त्यांना ते का तपासले जात आहेत हे सांगितले जात नसे. रोग्याला त्याचा रोग न सांगता केवळ त्याची नोंद ठेवणे, याला वैद्यकात मी तरी क्षमा करू शकत नाही. सोव्हिएत संघ मोडताना त्या नोंदींचा एक भाग मॉस्कोला गेला, आणि ज्यांचे ते आजार होते त्यांना ते कागद मिळाले नाहीत.

धागालेखक

हा प्रतिसाद वाचून मी काही वेळ थांबलो. आपण लिहिले आहे तेच उरलमध्ये नदीकाठी घडले, म्हणून ते इथेच जोडतो.

चेल्याबिन्स्क-४०च्या प्लुटोनियम कारखान्यातून निघणारे किरणोत्सारी सांडपाणी १९४९ पासून तेचा नावाच्या लहानशा नदीत सोडले गेले. खालच्या अंगाला काही किलोमीटरवर मेत्लिनो आणि त्यापुढे नदीकाठाने कितीतरी गावे होती. लोक तेच पाणी पीत होते, त्यात कपडे धूत होते, मुले पोहत होती. १९५१ मध्ये मोजमापे घेतली गेली तेव्हा अधिकाऱ्यांना परिस्थिती कळली. नदीकडे जाऊ नका असे फर्मान निघाले, काठाने तारा लावल्या गेल्या, पहारेकरी नेमले गेले, पण कारण सांगितले गेले नाही, कारण कारखानाच अस्तित्वात नव्हता. उन्हाळ्यात गुरांना पाणी पाजायला माणसे तारा वाकवून नदीवर जात राहिली. पुढच्या काही वर्षांत सुमारे ७,५०० लोक हलवले गेले, पण मुस्ल्युमोवोसारखे मोठे गाव त्याच काठावर या शतकापर्यंत राहिले.

२९ सप्टेंबर १९५७ रोजी त्याच कारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याची जमिनीखालची टाकी थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडल्यामुळे फुटली. हा अणुस्फोट नव्हता, तापून वाळलेल्या रसायनांचा स्फोट होता, पण सुमारे वीस लाख क्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) इतका किरणोत्सार ईशान्येकडे पसरला. रात्री आकाशात दिसलेल्या चमत्कारिक उजेडाबद्दल स्थानिक वृत्तपत्रात काही दिवसांनी मजकूर छापून आला, तो ध्रुवीय प्रकाश असल्याचा. या अपघाताला आज जग ‘किश्तिम दुर्घटना’ म्हणते. किश्तिम हे नुसते शेजारचे गाव आहे. जिथे अपघात झाला ते शहर नकाशावर नव्हते, म्हणून नाव शेजाऱ्याला चिकटले.

प्रतिसाद : अमेरिकेबद्दल मौन का?

सगळे दोष एकाच देशाच्या पदरात घालणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेने एक हजारांहून अधिक चाचण्या केल्या, सोव्हिएत संघाने ७१५. पॅसिफिक महासागरातल्या ज्या मार्शल बेटांवर अमेरिकेने चाचण्या केल्या, तिथल्या लोकांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. मार्च १९५४ मध्ये त्यांतल्याच बिकिनी बेटावर झालेल्या स्फोटानंतर त्याच वर्षीच्या २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या निदान स्थगित ठेवाव्यात अशी मागणी केली, ती काही एका देशाकडे बोट दाखवून केलेली नव्हती.

धागालेखक

एका देशाला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. किंबहुना मी जे मांडतो आहे त्याचे दोन ठळक दाखले अमेरिकेतलेच आहेत.

पहिला असा की, १९५१ मध्ये नेवाडातल्या चाचण्यांची राख हजारो किलोमीटरवर न्यूयॉर्क राज्यात बर्फाबरोबर पडली आणि कोडॅक कंपनीला तिचा पत्ता लागला, कारण छायाचित्रांची फिल्म किरणोत्साराने खराब होते. कंपनीने तक्रार केल्यावर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने फिल्म बनवणाऱ्यांना राख कुठे पडणार याची माहिती आगाऊ द्यायला सुरुवात केली. ज्या गवळ्यांचे दूध मुले पीत होती त्यांना मात्र ती दिली गेली नाही.

दुसरा दाखला तर थेट किश्तिमचा आहे. १९७६ मध्ये सोव्हिएत संघाबाहेर राहणाऱ्या झोरेस मेदवेदेव या जीवशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या एका नियतकालिकात त्या दुर्घटनेचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांनी तो खोडून काढला. नंतर माहितीच्या कायद्याखाली कागद बाहेर आले आणि दिसले की, अमेरिकी गुप्तचर खात्याला त्याची कुणकुण कितीतरी वर्षांपासून होती. शत्रूची नामुष्की हातात असूनही त्यांनी ती जाहीर केली नाही. आपल्याच देशातल्या लोकांनी आपल्या अणुप्रकल्पांबद्दल प्रश्न विचारू नयेत हे त्याचे कारण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटते.

प्रतिसाद : झार बॉम्बबद्दलही लिहा

धाग्यात नोवाया झेम्ल्याचा उल्लेख अजून आलेला नाही. ५० मेगाटनाच्या स्फोटाने किती लोकांचे नुकसान झाले, हे जाणून घ्यायला आवडेल.

धागालेखक

नोवाया झेम्ल्या हा उत्तर ध्रुवसागरातला द्वीपसमूह. १९५४ मध्ये तिथे चाचणीस्थळ स्थापन झाले, तिथल्या नेनेत्स लोकांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले, आणि पुढे १३० चाचण्या झाल्या. मेगाटनांचे मोठे स्फोट कझाकस्तानातल्या वस्तीजवळ करता येणार नाहीत हे १९५५ मध्येच कळून चुकले होते.

३० ऑक्टोबर १९६१ चा बॉम्ब सुमारे २७ टनांचा होता. तो विमानाच्या पोटात मावेना, म्हणून दारे काढून टाकावी लागली आणि तो अर्धा बाहेर लोंबकळत नेला गेला. वैमानिक आन्द्रेई दुर्नोव्त्सेव यांना निसटायला वेळ मिळावा म्हणून बॉम्बला प्रचंड हवाई छत्री लावली होती. मूळ रचना १०० मेगाटनांची होती. बाहेरच्या युरेनियमऐवजी शिसे वापरून ती निम्म्यावर आणली, त्यामुळे जवळजवळ सर्व ऊर्जा संमीलनाची झाली. शिवाय तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचीवर फुटला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी आकड्यांच्या चर्चेत हरवते. जवळच्या माणसांसाठी धोका स्फोटाच्या आकारावर जितका, त्याहून अधिक तो जमिनीच्या किती जवळ झाला यावर अवलंबून असतो. १९४९ चा २२ किलोटनांचा स्फोट झार बॉम्बच्या दोन हजारांश भागाएवढाही नव्हता, परंतु दोलोनकरांच्या अंगणात माती त्याने टाकली.

सखारोव या काळात बदलत गेले. हवेत मिसळलेला किरणोत्सारी कार्बन हजारो वर्षे टिकतो आणि एका मेगाटनामागे कालांतराने हजारो माणसे बळी पडतील, असा हिशेब त्यांनी १९५८ मध्येच प्रसिद्ध केला होता. चाचण्यांना १९५८ पासून दिलेली स्थगिती मोडून त्या पुन्हा सुरू करू नयेत, अशी चिठ्ठी त्यांनी जुलै १९६१ मध्ये ख्रुश्चेव यांना लिहिली आणि भर मेजवानीत बोलणी खाल्ली. सप्टेंबर १९६२ मध्ये जवळजवळ सारख्याच दोन बॉम्बांपैकी एकाची चाचणी तरी टाळावी म्हणून त्यांनी थेट ख्रुश्चेव यांना फोन लावला. स्फोट झालाच. टेबलावर डोके ठेवून आपण रडलो, असे त्यांनी लिहिले आहे. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला आणि सोव्हिएत संघ, अमेरिका व ब्रिटन यांच्या हवेतल्या, पाण्यातल्या व अवकाशातल्या चाचण्या थांबल्या. जमिनीखालच्या मात्र चालू राहिल्या.

प्रतिसाद : आवाज इथवर येत होता

जमिनीखालच्या चाचण्यांवरून आठवले, म्हणून एक भर घालतो. कर्नाटकातल्या गौरीबिदनूर इथे १९६०च्या दशकात ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची रांग बसवण्यात आली, जी मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते. दूरवर जमिनीखाली झालेला अणुस्फोट आणि भूकंप यांतला फरक ओळखणे हा तिचा एक मुख्य उद्देश. भूकंपात जमीन कडेने सरकते आणि स्फोटात ती सर्व बाजूंना एकदम ढकलली जाते, त्यामुळे कागदावर उमटणाऱ्या पहिल्या लाटेचा आकार निराळा येतो. कझाकस्तानच्या माळाखाली स्फोट झाला की काही मिनिटांत त्याची रेघ कर्नाटकात उमटत असे.

धागालेखक

या माहितीबद्दल मनापासून आभार. म्हणजे चाचणी कर्नाटकात कळत होती आणि माळावरच्या मेंढपाळाला भांडी का खडखडली हे कळत नव्हते.

ते मौन अखेर एका कवीने मोडले. फेब्रुवारी १९८९ मध्ये जमिनीखालच्या स्फोटातून किरणोत्सारी वायू बाहेर सुटला. ओल्झास सुलेमेनोव हे कझाक कवी त्या महिन्याच्या अखेरीस दूरचित्रवाणीवर कविता वाचण्यासाठी गेले असता त्यांनी कविता बाजूला ठेवली आणि चाचण्यांविरुद्धचे निवेदन वाचले. दोन दिवसांत कझाकस्तानची तेव्हाची राजधानी अल्मा-आता इथे लेखक संघाच्या इमारतीपाशी माणसे जमली आणि ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ चळवळ उभी राहिली. नावातच अमेरिकेच्या चाचणीस्थळातल्या पीडितांना सोबत घेतले होते. त्या वर्षी ठरलेल्या १८ चाचण्यांपैकी ११ रद्द झाल्या. शेवटची १९ ऑक्टोबर १९८९ ला झाली. तोवर या एका माळावर ४५६ चाचण्या झाल्या होत्या, त्यांतल्या ११६ उघड्या हवेत. २९ ऑगस्ट १९९१ रोजी, पहिल्या स्फोटाला बरोबर बेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, चाचणीस्थळ बंद करण्याचा हुकूम निघाला.

प्रतिसाद : माझी भाची त्याच शहरात शिकते

आमच्याकडची बरीच मुले वैद्यकीय शिक्षणासाठी कझाकस्तानला जातात. माझी भाची सेमेय इथे आहे, आणि सेमेय म्हणजेच जुने सेमिपालातिन्स्क हे मला हा धागा वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. काल तिला फोन केला. ती म्हणाली, ‘मामा, आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहालयात काचेच्या बरण्यांत जन्मतः व्यंग असलेली अर्भके ठेवली आहेत, पहिल्या वर्षीच पाहिली.’ इर्तिशच्या बाजूला एक स्मारक आहे, उंच काळ्या दगडात स्फोटाच्या ढगाचा आकार कोरलेला, आणि त्याखाली आपल्या बाळावर वाकलेली आई. ती जिथे राहते त्या घरच्या आजी लहानपणी एका खेड्यात होत्या. सैनिक येऊन सर्वांना घराबाहेर काढत, खड्ड्यात पालथे झोपायला लावत, आणि जमीन हलून थांबली की घरी जा म्हणत, एवढे त्यांना आठवते. तिथे राहणे आता सुरक्षित आहे का, हे कोणी सांगू शकेल का? मन थोडे अस्वस्थ झाले आहे.

धागालेखक

काळजी वाटणे स्वाभाविक आहे, पण शहराबद्दल घाबरण्याचे कारण नाही. सेमेय चाचणीस्थळापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, हवेतल्या चाचण्या थांबून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि दुधातून जाणारे ते आयोडीन केव्हाच संपले आहे. दूषित जागा आहेत त्या माळावर, ठिकठिकाणी डागांसारख्या. सहलीला म्हणून कोणी मुलांना चगानच्या ‘अणुतळ्या’कडे नेत असेल, तर तिने जाऊ नये. १५ जानेवारी १९६५ रोजी १४० किलोटनांच्या स्फोटाने पडलेला तो खड्डा आहे, सुमारे चारशे मीटर रुंद. धरणासारखा उपयोग करावा म्हणून तो पाडला होता, आणि त्याचा काठ अजूनही किरणोत्सारी आहे.

देगेलेन डोंगरातले बोगदे ही दुसरी जागा. चाचण्या थांबल्यावर नोकऱ्या गेल्या, आणि माणसे तांब्याच्या तारा व लोखंड भंगारात विकण्यासाठी त्या बोगद्यांत शिरू लागली. काही बोगद्यांत स्फोटात न वापरले गेलेले प्लुटोनियम उरले होते. ते कोणाच्या हाती लागू नये म्हणून अमेरिका, रशिया आणि कझाकस्तान यांनी मिळून १९९६ ते २०१२ या काळात ते काँक्रीटने बुजवले. हे कामही गुप्तच ठेवले होते, त्यामुळे भंगार गोळा करणाऱ्यांना आपण तारेबरोबर काय उकरत आहोत हे याही वेळी माहीत नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी आता तीन बाजूंचा दगड आहे, एकेका बाजूवर एकेक भाषा. भाचीला विचारून पाहा, त्या आजींचे खेडे कोणते होते आणि साल कोणते असावे. तिने त्यांच्याकडून ऐकून लिहून पाठवले, तर या धाग्यात जरूर द्या.

प्रतिसाद

आभारी आहे. या रविवारी फोन करणार आहे तेव्हा विचारतो. आजींना रशियन आणि कझाक दोन्ही येतात, भाचीला रशियन बऱ्यापैकी समजू लागली आहे.